चुकीच्या पानावरचा चंद्र

मंदाकिनी ढगे या बाईंवर, आमच्या मंदाताईंवर, अन्याय झाला. आमची सातवीची वार्षिक परीक्षा संपल्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी, दुपारी सव्वातीन वाजता. वेळ मला पक्की माहीत आहे. वाचनालयातलं घड्याळ त्याच आठवड्यात दुरुस्त होऊन भिंतीवर परत लागलं होतं, आणि ताईंच्या तोंडाकडे बघायचं धाडस नव्हतं म्हणून मी त्या घड्याळाकडे बघत होते. ठिकाण भिंगार, छावणीच्या हद्दीला लागून असलेलं आमचं वाचनालय. नाव लिहीत नाही. सभासदांना पत्ता माहीत आहे, आणि हे मी सभासदांसाठीच लिहिते आहे.

एरवी मी पत्रकं लिहिते. एसटी स्टँडवरचं बायकांचं कुलूपबंद स्वच्छतागृह, शाळेच्या भिंतीला लागून साचलेला कचरा, असले विषय. पत्रकात पहिल्या ओळीत कुणावर, दुसऱ्या ओळीत कधी, शेवटी मागणी. मधे वास, उजेड, आवाज यांना जागा नसते. या वेळी मधलंच जास्त होणार आहे. त्याला माझा इलाज नाही.

कारण गेल्या महिन्यात कुरिअरने एक पाकीट आलं. आत सत्ताविसावा भाग होता. शेवटचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ही एक जपानी चित्रकथा आहे. तिकडे मँगा म्हणतात. इंग्रजीत भाषांतर होऊन आपल्याकडे येते. एक मुलगी पाठीवर एका गावाची घंटा बांधून फिरते आहे. ते गाव एका सकाळी धुक्यात नाहीसं झालं. ती तेवढी नदीवर घंटा घासायला गेली होती म्हणून उरली. घंटेतला लोलकही गावाबरोबर गेला, त्यामुळे घंटा वाजत नाही. सोबत एका शिंगाचा बैल. दर भागात नवी दरी, नवा राक्षस, नवा घाट. ती गाव शोधते आहे. एवढीच गोष्ट, आणि ती इतकी वर्षं चालली. काढणारा माणूस मधेच थांबायचा, वर्षवर्ष काही यायचं नाही, मग एखादा भाग यायचा. त्या मुलीला जपानी नाव आहे. आम्ही तिला 'घंटेवाली' म्हणायचो. बैलाचं नाव इतकं लांब होतं की फुग्यात मावेना. मंदाताईंनी त्याचा 'ढवळ्या' केला. चित्रात तो चक्क काळा आहे. ताई म्हणाल्या, "आसू दे, उन्हात गेला की उजळंल."

फुगा म्हणजे काय ते सांगते. चित्रातलं माणूस बोलतं तेव्हा त्याच्या तोंडाशी जो गोल काढलेला असतो आणि आत शब्द असतात, तो. आमच्यापैकी कुणालाच इतकं इंग्रजी येत नव्हतं. मंदाताईंना येत होतं, तेही शब्दकोश मांडीवर घेऊन. त्या वाचनालयात अर्धवेळ मदतनीस होत्या. पुस्तकं झाडायची, माठ भरायचा, नोंदी करायच्या. मूळच्या काष्टीच्या, श्रीगोंदा तालुक्यातल्या. कॉलेजचं पहिलं वर्ष करून सुटलेल्या. दुपारी वाचनालय रिकामं असायचं तेव्हा त्या पांढऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या कापायच्या. प्रत्येक फुग्याच्या मापाची वेगळी चिठ्ठी. त्यावर बारीक, उभ्या अक्षरात मराठी लिहायचं आणि ती फुग्यावर अशी बसवायची की कड दिसता कामा नये. एका भागात शेकड्याने फुगे. असे एकोणीस भाग त्यांनी भरले. कुणी सांगितलं नव्हतं.

खळ त्या घरून करून आणायच्या. मैदा, पाणी आणि चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. त्या खळीचा वास आंबूस, किंचित धातूचा, जिभेच्या मागच्या बाजूला बसणारा. आजही कुणी बाइंडरच्या दुकानाचं दार उघडलं की माझे हात आपोआप कपड्यांना पुसले जातात. कारण नियम होता: हात धुवायचे, पुसायचे, ताईंना तळवे दाखवायचे, मग सतरंजीवर बसायचं.

पुस्तकं कुठून आली? छावणीत बदली हा एक वेगळा ऋतू असतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी अधिकाऱ्यांच्या बंगल्यांपुढे ट्रक लागायचे, काळ्या पेट्यांवर पांढऱ्या रंगात नावं आणि नवी गावं लिहिली जायची. जे पेट्यांत मावत नाही ते मागे राहायचं: मोडकी झोपाळ्याची दोरी, पोपटाचा पिंजरा, तीनचाकी सायकल. एका वर्षी एका कुटुंबाने जाताना एक खोका वाचनालयाच्या पायरीवर ठेवला. एकोणीस भाग. ज्या मुलाचे होते त्याला आम्ही कधी बघितलंही नाही. पहिल्या भागात त्याने पेन्सिलीने एक छोटा बैल काढला होता, तेवढी त्याची ओळख.

आणि आता आमची चूक. ही चूक आमच्याच वाचनालयात होऊ शकली असती.

मँगा उजवीकडून वाचतात. आपल्या हिशेबाने शेवटचं पान हे तिथे पहिलं. आपल्यासारखा कुणी चुकून डावीकडून उघडेल म्हणून छापणाऱ्यांनी त्या बाजूला मोठ्या अक्षरात सूचना घातलेली असते: थांबा, तुम्ही चुकीच्या बाजूने सुरुवात करत आहात. मंदाताईंनी खोका उघडला, रीतसर नोंद केली आणि प्रत्येक पुस्तकाच्या डावीकडच्या पहिल्या पानावर वाचनालयाच्या नियमांचा कागद चिकटवला. बरोब्बर त्या सूचनेवर. पुढच्या पानावर गोल शिक्का मारला. जांभळ्या शाईचा. ते पान म्हणजे खरं तर गोष्टीतलं शेवटचं चित्र.

मग आम्ही पहिला भाग अख्खा उलटा वाचला. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की दोन तास, असे चार शनिवार. आधी उत्तर यायचं, मग प्रश्न. घंटेवाली आधी रडायची, मग तिला कुणीतरी रागवायचं. ताईंनी कपाळाला आठ्या घालून सांगितलं, "जपानी लोक बोलत आसतील असंच. त्यांच्यात आदी उत्तर देत्यात, मंग इचारत्यात." आम्ही मान डोलावली. गोष्ट मात्र फार सुंदर होती. एक एकटी मुलगी पाठीवर घंटा घेऊन उलट्या पावलांनी चालत येते, रिकाम्या माळावर थांबते, धुकं दाटतं, आणि धुक्यातून एक गाव परत येतं. घरं, चुली, माणसं, माणसांच्या तोंडावर हसू. शेवटी जत्रा. मी तर रडले होते आनंदाने.

पाचव्या शनिवारी आम्ही तोच भाग पुन्हा वाचायला घेतला, आणि आसमा आली. आमच्याच गल्लीतली, उर्दू शाळेतली. सतरंजीच्या कडेला बसून तिने दोन पानं ऐकली आणि म्हणाली, "ताई, उलटं वाचताय तुम्ही. आमच्या किताबी अशाच असतात. इकडनं धरा."

ताईंनी पुस्तक फिरवलं. पाच मिनिटांत जत्रा संपली, हसू पुसलं गेलं, गाव धुक्यात गेलं.

आठ दिवस आम्ही आसमाशी बोललो नाही. एका पोरीने एक अख्खं गाव नाहीसं केलं, लहान गुन्हा होता का तो? मग दुसऱ्या भागापासून पान उलटायचा मान कायमचा तिचा झाला, कारण तिचा हात बरोबर बाजूला आपोआप जायचा. पहिल्या भागाच्या चिठ्ठ्या ताईंनी काढल्या नाहीत. आम्ही काढू दिल्या नाहीत. नव्या चिठ्ठ्या त्यांनी फक्त वरच्या कडेला खळ लावून जुन्यांवर बसवल्या. नखाने उचललं की खाली आमचं जुनं, चुकीचं बोलणं. ज्याला गाव परत हवं असेल त्याने उचलून वाचावं.

शिक्क्याचं मात्र काही करता येण्यासारखं नव्हतं. तो आता प्रत्येक भागाच्या अगदी शेवटच्या चित्रावर आला होता. बहुतेक भाग संपतात तेव्हा घंटेवाली कुठल्यातरी खिंडीत उभी असते आणि वर मोकळं आकाश असतं. त्या आकाशात आमचा शिक्का. आम्हांला कुणी सांगितलं नाही, पण आम्ही सगळ्यांनी तो चंद्र मानला. भाग संपत आला की आसमा पान हळू उलटायची, कुणीतरी पुटपुटायचं, "चंद्र आला." आणि आम्ही श्वास सोडायचो. कधी तो फिका, कधी गडद, एकदा अर्धाच उठला तर आम्ही म्हणालो अष्टमी असेल.

आवाज राहिले होते. चित्रांत मोठमोठी जपानी अक्षरं असतात, राक्षस पडला, दार फुटलं, पाऊस कोसळला, त्या आवाजांची. त्यांवर चिठ्ठी लावायची नाही असं ताईंनी ठरवलं. "ती तुमी म्हना. मला काय म्हाईत राक्षस पडल्यावर कसा वाजतो." मग आम्ही सगळे मिळून वाजायचो. उन्हाळ्यात लांब सराव चालू असेल तर खिडक्यांची तावदानं थरथरायची, रणगाड्यांची धडधड जमिनीतून सतरंजीत आणि सतरंजीतून मांड्यांत यायची. एकदा नेमकं डोंगर कोसळण्याचं पान उघडलं आणि बाहेर तोफ वाजली. कुणी हललं नाही. ताईच म्हणाल्या, "बरं झालं. आज सरकारनं वाजिवलं."

पावसाळ्यात पुस्तकं फुगायची. श्रावणात चिठ्ठ्या सुटायला लागायच्या. पान उघडलं की एखादं वाक्य मांडीवर पडायचं. मग एक शनिवार फक्त चिकटवणीचा. भिजल्या कपड्यांचा, ओल्या पुठ्ठ्याचा, मोरचुदाचा वास. प्रत्येकाच्या तळहातावर एक-एक वाक्य, आणि आम्ही त्या वाक्याचं घर शोधत पानं चाळतोय. हे 'पळ' कुणाचं? हे 'मी इथेच थांबते' कुठलं? हिवाळ्यात ऊन तिरकं होऊन सतरंजीच्या तिसऱ्या पट्ट्यापर्यंत यायचं. बाहेर रस्त्याकडेच्या लिंबांना खाली गेरू आणि वर चुना लावलेला असायचा, जवान रंगवून जायचे, ते ओळीने पट्टे घालून उभ्या राहिलेल्या मुलांसारखे दिसायचे. मला तेव्हा वाटायचं हे असंच राहणार आहे. भाग येत राहतील, ताई कापत राहतील.

आता सव्वातीन.

त्या शनिवारी तपासणीला पाहुणे आले होते. सोबत तेव्हाचे अध्यक्ष. टेबलावर बारावा भाग होता. पाहुण्यांनी सहज उघडला. जे पान उघडलं त्यावर एक चिठ्ठी वाकडी बसली होती, ढवळ्याचा डोळा झाकून. खळ बाहेर येऊन पिवळी पडलेली.

"हे काय आहे?" अध्यक्षांनी विचारलं. "कुणी केलं हे?"

सगळी मुलं सतरंजीच्या पट्ट्यांकडे बघू लागली. मी उठले. मला त्या वर्षी वक्तृत्वात पहिलं बक्षीस मिळालं होतं आणि मोठ्या माणसांपुढे न घाबरता, खणखणीत बोलायचं, एवढंच मला शिकवलेलं होतं. मी म्हणाले, "मंदाताईंनी! सगळ्या पुस्तकांत मंदाताईंनीच चिकटवलंय!"

मी कौतुकाने सांगितलं. हे कृपया नीट वाचा. मला वाटलं, आता ताईंना बक्षीस मिळणार.

अध्यक्षांनी नियमांच्या कागदावर बोट ठेवून नियम वाचून दाखवला: पुस्तकात काही लिहू नये, चिकटवू नये. पुस्तकात काही चिकटवू नये असं सांगणारा तो कागदही पुस्तकात चिकटवलेलाच होता. पण हे मला सुचायला बरीच वर्षं जावी लागली.

चिठ्ठ्या काढायला त्यांनी ताईंनाच बसवलं. आमच्यासमोर. बादली, फडकं. एकेक फुगा भिजवायचा, सोलायचा. ताई आवाज न करता सोलत होत्या, तितक्याच निगुतीने, चित्राला धक्का न लावता. खालून इंग्रजी वर येत होतं. एक-एक माणूस मराठी बोलायचं थांबत होतं. फडक्याचं पाणी नियमांच्या कागदावर सांडलं, तो ओला होऊन पारदर्शक झाला आणि त्यातून खालची छापील सूचना वर आली. थांबा, तुम्ही चुकीच्या बाजूने. मी वाचलं. खोलीत दुसरं कुणी वाचलं नाही.

सोललेल्या चिठ्ठ्या ताईंनी खिडकीच्या कट्ट्यावर वाळत ठेवल्या, जणू परत लावायच्या आहेत. सोमवारपासून त्या आल्या नाहीत; उरलेले भाग नंतर दुसऱ्या कुणीतरी सोलले. कट्ट्यावरच्या मावतील तेवढ्या चिठ्ठ्या मी कंपासपेटीत भरून घरी आणल्या. आईने विचारलं, हे काय. मी म्हणाले, कागद.

अजून आहेत माझ्याकडे. चित्रापासून सुटल्यावर ही वाक्यं फार विचित्र वागतात. 'कोण आहे तिकडे?' असं लिहिलेली एक आहे. 'तू थकलीस का' अशी एक. सभा संपवून, माइक आणि सतरंज्या परत करून मी खोलीवर येते, कुलूप काढते, आणि पत्रकांच्या गठ्ठ्यावर कधीतरी त्यातली एखादी पडलेली असते. 'तू थकलीस का.' मी ती उचलून परत कंपासपेटीत ठेवते.

विसाव्या भागापासून पुढचे सगळे मी मोबाईलवर वाचले, एकटीने, इंग्रजीत. एसटीत, मोर्चाच्या आधी, तहसील कचेरीच्या पायरीवर. बोटाने पान सरकवायचं. हात धुवायला कुणी सांगत नाही. राक्षस पडतो आणि वाजत नाही. शेवटचा भाग मात्र कागदावरचाच घ्यायचा असं ठरवलं होतं.

पाकीट फोडल्यावर मी पहिला फोटो आसमाला पाठवला. ती आता नाशिकला नर्स आहे. दोन निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर दुसऱ्या दिवशी. "कोणती घंटेवाली? सॉरी गं, आठवत नाही. लहानपणी कायकाय वाचायचो ना आपण." पुढे हसरा चेहरा. मी लिहिणार होते की तू एक गाव नाहीसं केलं होतंस. लिहिलं नाही. ड्युटीवरून दमून आलेल्या माणसाला काय सांगायचं?

मग मी एसटीने काष्टीला गेले.

मंदाताई बाजारपेठेतल्या एका गाळ्यात फॉल-पिकोचं काम करतात. चष्मा आला आहे. कात्री तीच, लहान, टोकदार, काळ्या मुठीची. मला त्यांनी लगेच ओळखलं आणि मशीन थांबवलं नाही.

"आलीस? बस. त्या खुर्चीचा पाय मोडलाय, दुसरी घे. पत्रकं वाटतीस म्हनं हल्ली?"

"हो ताई."

"वरडून बोलायची सवय तवाच हुती तुला."

त्यांना टोचायचं होतं की नव्हतं, कळलं नाही. मी पुस्तक पुढे केलं. त्यांनी साडी बाजूला सारली, दाराशी जाऊन माठातल्या पाण्याने हात धुतले, पदराला पुसले, आणि मला आधी तळवे दाखवले. मग हसल्या. पुस्तक नाकाशी नेलं.

"वास न्हाई गं ह्याला."

"खळ नाही ना."

"व्हय." त्यांनी उघडलं नाही, नुसतं अंगठ्याने कडा चाळल्या. "एवडंच सांग. ढवळ्या जिता हाय का?"

मी कलेक्टरांपुढे बोललेली आहे. पोलीस ठाण्यात आवाज चढवलेला आहे. मला त्या बैलाचं सांगता येईना. मी पुस्तकाच्या पाठीवरची अक्षरं वाचत राहिले.

"बरं," ताई म्हणाल्या. मग त्यांनी पुस्तक फिरवून डावीकडून माझ्यापुढे धरलं. "हिकडून वाच मंग. आपल्यासारकं."

मी डावीकडून वाचलं, मोठ्याने, मराठीत, जसं सुचेल तसं. आधी उत्तर, मग प्रश्न. घंटेवाली एकटी उभी आहे. मग ती घंटा खाली उतरवते, पाठीवर बांधते, उलट्या पावलांनी घाट उतरायला लागते. पुस्तकाच्या मध्यावर पडलेला बैल आहे. पुढच्या पानावर त्याची मान उचलली जाते. त्याच्या पुढच्या पानावर तो उभा. ताईंनी चष्मा काढला आणि काच पुसली. शेजारच्या दुकानातली बाई पिशवी घेऊन कधीपासून उभी होती, तीही ऐकत होती. म्हणाली, "बैल बरा झाला व्हय वो?"

"बरा झाला," ताई म्हणाल्या. "फॉल लावून ठिवलाय तुमचा, त्या खिळ्याला हाय."

ती गेल्यावर मी सांगितलं. इतकी वर्षं जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते. "ताई, बाराव्या भागातली ती चिठ्ठी, डोळ्यावरची. श्रावणात ती मी चिकटवली होती. तुम्ही नाही."

"मला म्हाईत हाय की. वाकडी हुती. माझी वाकडी नसती."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"सातवीतल्या पोरीचं नाव सांगू व्हय मी?" त्यांनी मशीनवर हात ठेवला पण चालवलं नाही. "मला कुनी सांगितलं न्हवतं, तरी एकेक फुगा झाकायची मी. मला त्या बाईमानसाचं बोलनं आवडायचं. घंटेवालीचं. ती कुनाला भेत न्हवती."

मी विचारलं, हा शेवटचा भराल का. चिठ्ठ्या, खळ, सगळं मी आणते. तुम्ही फक्त कापा.

त्यांनी पुस्तक बंद करून माझ्या मांडीवर ठेवलं. रागाने नाही.

"न्हाई. वाचनालयाच्या वहीत माझ्या नावाम्होरं काय लिवलंय ते तुला ठावं हाय. त्यो शेरा हाय तवर मी त्या पुस्तकाला कात्री लावायची न्हाई. उद्या परत कुनीतरी म्हनंल, हिनंच नासवलं."

ठाऊक आहे. मी सभासद झाले तेव्हा वही मागून बघितली होती. 'पुस्तकांचे विद्रूपीकरण केल्यामुळे कामावरून कमी करण्यात आले.' एकच ओळ. एकोणीस भागांतल्या सगळ्या फुग्यांपुढे ही एकच ओळ उरली आहे, आणि ती चुकीच्या माणसाच्या नावावर आहे. मी तीन अर्ज दिले. हल्लीचे अध्यक्ष मला म्हणाले, "ताई, जुनं उकरून काय मिळणार? आता ती बाई तरी कुठंय?" कुठंय म्हणजे काय? काष्टीत आहे. एसटी जाते. गेलं की ती चहा विचारते. एकोणीस भाग अजून कपाटात आहेत, कुलपात, इंग्रजी बोलत. फक्त पहिल्या भागात, कुणाच्या लक्षात न आलेल्या एका पानावर, दोन चिठ्ठ्या एकीवर एक तशाच शाबूत आहेत. मी नखाने उचलून बघितलं. खाली ताईंचं बारीक, उभं अक्षर: 'आलं बघ गाव.'

काष्टीहून परत येताना खिडकीतून उसाचे ट्रॅक्टर जात होते, आणि मी शेवटचं पान उघडून बसले होते. खरं शेवटचं. घंटेवाली माळावर पोचली आहे, घंटा टांगली आहे, लोलक सापडला आहे, तिने घंटा वाजवली आहे. ते मोठं अक्षर आहे, मला वाचता येत नाही, एसटीत माझ्या एकटीने वाजवलंही गेलं नाही. गाव येतं की नाही ते काढलेलं नाही. ती आहे, घंटा आहे, आणि वर आकाश आहे. मोठं, पांढरं, कोरं. इतकी वर्षं वाट बघितली आणि त्या आकाशात चंद्र नाही. कारण हे पुस्तक अजून कुणाचंच नाही. माझं आहे, म्हणजे कुणाचंच नाही.

म्हणून सभासदहो, आता तुमच्याशी सरळ बोलते.

वार्षिक सभा पुढच्या महिन्यात आहे. मी उभी राहणार आहे, आणि ती चिठ्ठी मी लावली होती हे सर्वांसमोर सांगणार आहे, सातवीत बोलले होते तितक्याच मोठ्याने. तुमच्यातले काही त्या सतरंजीवर होते. तुम्ही गप्प राहिलात, तुम्ही लहान होतात, मी तुम्हाला दोष देत नाही. पण आता तुम्ही लहान नाही. मंदाकिनी ढगे यांच्या नावापुढची ती ओळ खोडण्याचा ठराव मी मांडेन तेव्हा हात वर करा. ओळ शाईने खोडा, वर कागद चिकटवून नाही. आणि मग हा सत्ताविसावा भाग माझ्याकडून घ्या, नोंदवहीत चढवा, डावीकडून उघडा, आणि आपला तो गोल जांभळा शिक्का त्या कोऱ्या आकाशात, त्याच चुकीच्या पानावर मारा.